पहिल्यांदाच माणसांसमोर डीजे म्हणून वाजवायचंय : कंट्रोलर माझा, डॉल्बी भाड्याची. काय काय बघून ठेवू?

वडगावचा_नवखा

नमस्कार मंडळी. घरात दीड वर्ष मिक्सिंग करूलालोय, पण समोर नाचणारी माणसं कधी नव्हती. पुढच्या महिन्यात एकाच घरचे दोन कार्यक्रम आहेत. पहिल्या दिवशी संध्याकाळी खानापूर तालुक्यातल्या गावात, घरासमोर मांडव घालून हळद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेळगावच्या वडगावात कार्यालयात रिसेप्शन, अडीचशे-तीनशे माणूस.

माझ्याकडं पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ कंट्रोलर, विंडोजचा लॅपटॉप (८ जीबी रॅम), रेकॉर्डबॉक्स (डीजेचं सॉफ्टवेअर) आणि एक हेडफोन एवढंच आहे. डॉल्बी, मिक्सर, लाइट सगळं साउंडवाल्याचं. तो म्हणतोय, "तू नुसती वायर घेऊन ये."

विचारायचं असं :
कुठली वायर नेऊ? आवाज कुणी वाढवायचा, मी की त्यानं?
गाणी किती लागतात, आणि कशी लावून ठेवू? मी घरात हाऊस जास्त वाजवतो. तिथं मराठी, कन्नड, हिंदी सगळंच मागणार.
काही मराठी गाण्यांचा बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) ७२ दाखवतोय, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच गाणं १४४. पायानं ठेका धरला तर दोन्ही जुळत नाहीत. बरोबर कुठला?
आणि रात्री दहाला आवाज बंद म्हणजे नेमकं काय, हॉलमध्येसुद्धा?

लाइनआऊट_खानापूर

"नुसती वायर घेऊन ये" या वाक्यातच निम्मे घोटाळे दडलेले असतात, म्हणून तिथूनच धरतो.

तुझ्या कंट्रोलरला मास्टरसाठी फक्त आरसीए आउट आहे, लाल-पांढरं. ही लाइन अनबॅलन्स्ड, म्हणजे बाहेरचा गोंगाट आत घेणारी. तीन मीटरपर्यंत ठीक, पाचाच्या वर नेलीस की लाइटच्या डिमरचा आणि जनरेटरचा किरकिराट त्यात शिरतो. म्हणून साउंडवाल्याला आधी एकच गोष्ट विचार : मिक्सर माझ्या टेबलाशेजारी असणार की हॉलच्या दुसऱ्या टोकाला?

शेजारी असेल तर आरसीए ते ६.३५ मिमी जॅक अशी दोन-तीन मीटरची जोडवायर, सरळ त्याच्या स्टिरिओ लाइन-इनमध्ये. लांब असेल तर दोन चॅनलचा पॅसिव्ह डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड लाइनची बॅलन्स्ड करणारा डबा) टेबलावर ठेव. कंट्रोलरमधून आरसीए-जॅक वायरनं डीआयमध्ये, तिथून दोन एक्सएलआर (माइकच्या, तीन पिनांच्या) वायरी मिक्सरपर्यंत. एक्सएलआर तीस मीटर गेली तरी काही बिघडत नाही. डीआयमधून आवाज माइकच्या लेव्हलला उतरतो, त्यामुळं त्यानं माइक-इनमध्ये जोडून गेन हळूहळू वर आणायचा. डीआयचा दुसरा फायदा गुंगुं आवाजाचा. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून घूं येतो, काढला की थांबतो, हे घरी एकदा बघितलं असशीलच. डीआयच्या आत ट्रान्सफॉर्मर असल्यानं ते तुटतं. नाही तुटलं तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाब. चार्जरची किंवा अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन मोडून गुंगुं घालवणारे लोक भेटतील. तसलं काही करू देऊ नकोस. मांडवात ओल्या जमिनीवर उभं राहून लोखंडी टेबलाला हात लागतो, तिथं अर्थिंग नसेल तर जीवाशी खेळ आहे.

आता मोनोची गंमत. आपल्याकडची बरीच डॉल्बी मोनोत चालते आणि घाईत दोनातली एकच वायर जोडली जाते. मग जुन्या गाण्यात गळा एका बाजूला आणि ढोलकी दुसऱ्या बाजूला असेल तर निम्मं गाणं गायब होतं, आणि लोक म्हणणार पोराला वाजवता येत नाही. दोन्ही वायरी दोन चॅनलला लाव आणि दोन्हींचा पॅन (डावं-उजवं ठरवणारा नॉब) मधोमध ठेवायला सांग. तपासायला एक असं गाणं जवळ ठेव ज्यात डावं-उजवं स्पष्ट वेगळं आहे.

लेव्हल. क्रम असा :
आधी सगळं जोडायचं, अ‍ॅम्प सर्वांत शेवटी चालू. बंद करताना उलटं, अ‍ॅम्प सर्वांत आधी बंद. हे चुकलं की जो "ढप्प" आवाज येतो तो बेसच्या कोनला मारतो.
तुझ्याकडचं सर्वांत मोठ्या आवाजाचं गाणं घे, त्यातली सर्वांत भरलेली जागा लाव. तिन्ही ईक्यू (बेस, मिड, हाय) मधोमध. ट्रिम (चॅनलची लेव्हल ठरवणारा नॉब) फिरवून चॅनलचं मीटर हिरव्यात, फटका बसला की पहिल्या नारिंगीपर्यंत. मास्टरवर लाल कधीच नको.
हे ठरलं की तुझा मास्टर तिथंच राहणार. साउंडवाला त्याच्या मिक्सरवर पीएफएल (फेडरच्या आधीची लेव्हल दाखवणारं बटण) दाबून गेन लावेल, शून्याच्या आसपास. यापुढं आवाज वाढवायचा तो त्यानंच. हे त्याच्याशी आधी बोलून घे, चहा पाजून बोल.

कारण सांगतो. रात्री साडेनऊला यजमानाचा भाचा येऊन "दादा आवाज" म्हणतो, तू मास्टर वाढवतोस, मीटर लाल होतं. त्यापुढं आवाज वाढत नाही, फक्त लाटेची डोकी छाटली जातात. छाटलेल्या लाटेची सरासरी ताकद साध्या लाटेपेक्षा बरीच जास्त, पार छाटली तर दुप्पट. ती उष्णता पहिल्यांदा टॉपमधल्या (बेसच्या वरच्या स्पीकरमधल्या) हायच्या ड्रायव्हरची कॉइल खाते. डायफ्राम जळाला की भाडं राहिलं बाजूला, भरपाई कुणी द्यायची यावर भांडण. आणि लोक नाचायचे थांबतात ते वेगळंच, कारण फाटलेला आवाज कानाला दमवतो.

ईक्यूचंही तसंच. बेस, मिड, हाय तिन्ही वर नेणं म्हणजे ट्रिम वाढवणंच. जास्त वाटेल ते कापायचं, कमी वाटेल ते वाढवायचं नाही. दोन गाणी एकावर एक असताना बेस एकाचाच. दोन किक जुळल्या तर बेस ६ डीबीपर्यंत फुगतो, केसभर सरकल्या तर एकमेकींना खातात आणि बेस पोकळ होतो. दोन्ही वाईट.

मॉनिटर माग. नुसता एक टॉप तुझ्याकडं तोंड करून, डोक्याच्या उंचीला. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या स्पीकरचा आवाज तुझ्यापर्यंत २९ मिलिसेकंद उशिरा येतो. हेडफोनमध्ये जुळलेलं बाहेर चुकल्यासारखं वाटतं, तू दुरुस्त करायला जातोस आणि खरोखर चुकवतोस. मॉनिटर नाहीच मिळाला तर दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकून जुळव, बाहेरच्या आवाजावर विश्वास ठेवू नकोस.

सहाचा_ठेका

वर साउंडचं सगळं आलं. मी गाण्यांवर बोलतो, आणि आधी तुझ्या ७२/१४४ वर, कारण आपल्या भागात नवीन मुलं इथंच आपटतात.

दोन्ही आकडे चूक आहेत. ते गाणं सहा मात्रांच्या ठेक्यातलं आहे, दादऱ्याच्या अंगाचं. कोळीगीतं, हळदीची बरीच गाणी, लेझीम-हलगीवर बेतलेली कितीतरी गाणी अशी असतात. त्यात पाय पडतो एक आणि चारवर, आणि दोन पावलांच्या मध्ये तीन-तीन बारीक मात्रा. समज मिनिटाला ९६ पावलं पडतात, तर बारीक मात्रा झाल्या २८८. सॉफ्टवेअरला चारचारच्या हिशेबाची सवय, ते २८८ ला दोननं भागून १४४ सांगतं, नाहीतर आणखी निम्मं करून ७२. खरा पावलांचा वेग १४४ चा दोन-तृतीयांश, म्हणजे ९६. दर वेळी पायानं ठेका धरून टॅप बटणावर सोळा वेळा टॅप कर, जो आकडा येईल तो हातानं ग्रिडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर गाण्यावर ठोक्यांच्या रेघा आखतं त्यात, भर.

पण आकडा ९६ केलास म्हणून ते ९६ च्या चारचार गाण्यावर चढवता येतं असं नाही. पावलं जुळतील, आतल्या मात्रा भांडतील : एकात पावलाचे तीन भाग, दुसऱ्यात दोन किंवा चार. ढोलकीवर ड्रम पडला की कपात दगड हलवल्यासारखं वाजतं. इथं लांब मिक्स करायचंच नाही. चालू गाण्याची ओळ संपू दे, शेवटच्या पावलावर अर्ध्या किंवा एका बीटचा इको टाकून फेडर खाली, आणि पुढचं गाणं समेवर, म्हणजे एकावर, पूर्ण आवाजात. एक पाऊलभर मोकळी जागा राहिली तरी चालते, लोक तेवढ्यात श्वास घेतात. सहाची गाणी वेगळ्या क्रेटमध्ये (गाण्यांच्या यादीत) ठेव आणि वाजवताना चार-पाच सलग घे. आपसात ती छान मिसळतात, दर गाण्याला ठेका बदलावा लागत नाही.

जुन्या गाण्यांची दुसरी अडचण. ती वादकांनी एकत्र बसून वाजवलेली, क्लिकवर, म्हणजे मशीनच्या टिकटिकीवर, नव्हे. मुखड्याला ९८ असतं, शेवटी १०३ होतं. साध्या अ‍ॅनालिसिसची ग्रिड पहिल्या मिनिटात बरोबर आणि तिसऱ्या मिनिटाला अर्धा बीट बाहेर. रेकॉर्डबॉक्समध्ये अशा गाण्यांसाठी अ‍ॅनालिसिसचा मोड डायनॅमिक करून पुन्हा चालव, मग गाण्याची सुरुवात, मध्य आणि शेवट तीन ठिकाणी ग्रिड डोळ्यांनी बघ. सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं बटण) वापरावं की नाही यावर लोक रात्रभर भांडतात. सिंक ग्रिडवर चालतं. ग्रिड खोटी तर सिंक खोटं. ग्रिड तपासलेल्या गाण्यांना खुशाल सिंक लाव, बाकीच्यांना हात लावू नकोस.

किती गाणी? लग्नात सरासरी दोन-सव्वादोन मिनिटं एक गाणं टिकतं. म्हणजे तासाला २६-३०, चार तासांना शंभर-सव्वाशे. तयार ठेव तिप्पट, साडेतीनशे. त्याच्या वर नको, नाहीतर ऐन वेळी शोधत बसशील आणि मान वर होणार नाही.

प्रत्येक गाण्याला हॉट क्यू, म्हणजे एका बटणावर जिथं उडी मारता येते त्या खुणा. पहिला मुखड्याच्या अलीकडं, जिथं लोक गाणं ओळखतात ती जागा. मराठी गाण्यांना अर्ध्या मिनिटाचा म्युझिक पीस असतो, तेवढ्यात मैदान निम्मं रिकामं होतं. दुसरा क्यू अंतऱ्यानंतर परत मुखडा येतो तिथं. तिसरा नुसत्या वाद्यांच्या जागेवर, जिथून बाहेर पडता येतं. गाणं मध्येच तोडायची वेळ आली तर ओळ पूर्ण झाल्यावर तोड. शब्दाच्या मध्ये कापलेलं गाणं नाचणाऱ्याच्या तोंडातला घास काढल्यासारखं असतं, कारण तो मोठ्यानं गात असतो.

वेग ओढायचा तर गाणं गळ्याचं असेल तर चार टक्क्यांपर्यंत, सहाच्या वर नाहीच. मास्टर टेम्पो चालू ठेवलास तर सूर हलत नाही, पण जास्त ओढलं की गळा पाण्यातून आल्यासारखा येतो. ९५ वरून १२६ ला जायचं तर ओढत नेऊ नकोस. मध्ये १०५ आणि ११५ ची दोन गाणी ठेव, किंवा सरळ इको मारून तोड.

एमपी३ ३२० केबीपीएसची घे. पाच मिनिटांच्या गाण्याला १२ एमबी लागतात, जागेची काटकसर करायचं कारण नाही. यूट्यूबवरून ओढलेलं गाणं घरच्या स्पीकरवर चालतं, मोठ्या टॉपवर झांजांच्या ठिकाणी पाण्याचा सळसळाट ऐकू येतो आणि आवाजही कमीजास्त. विकत घे.

क्रेट मात्र भाषेप्रमाणं करू नकोस, वेळेप्रमाणं कर. जेवण आणि पाहुणे येताना (बिना गळ्याचं किंवा हळू, ९० च्या खाली), जोडप्याचं आगमन, हळद, बायका-पोरं, सगळे मिळून, फक्त पोरं, शेवटची दहा. प्रत्येक क्रेटमध्ये मराठी-कन्नड-हिंदी तिन्ही.

वडगावचा_नवखा

सहाचा_ठेका, आत्ता सहा गाणी तपासली. सगळी दोन-तृतीयांश निघाली! इतके दिवस सिंक दाबून मलाच येत नाही म्हणून रडत होतो.

कन्नड गाणी मला फार येत नाहीत. ऐनवेळी कुणी मागितली तर?

सहाचा_ठेका

तीस ठेव, पाठ असल्यासारखी. दहा नवी, दहा उत्तर कर्नाटकच्या जानपद वळणाची, दहा जुनी, जी चाळिशीच्या पुढची माणसं गुणगुणतात. कुठली ते शेजारच्या कन्नड घरात विचारून घे, ट्रेंडिंगच्या यादीवरून घेऊ नकोस. बेंगळुरूच्या पबात जे चालतं ते गोकाक-हुक्केरीच्या पाहुण्यांना लागत नाही. शब्द समजत नसले तर मुखडा कुठं संपतो हे ऐकून क्यू लावूनच ठेव, अंदाजानं तोडू नकोस.

आणि दोन्ही भाषांत घोषणांचे रिमिक्स असतात, तसले वाजवायचे नाहीत. सीमाप्रश्नाचे, पक्षाचे, जातीचे, कुठलेच नाहीत. आपल्याकडं १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस, तिथं एका लग्नात दोन्ही बाजूंचे पाहुणे असणं काही विशेष नाही. एक घोषणा वाजली की हॉल दोन भागांत उभा राहतो. यजमानाला आधीच विचार, कुठलं गाणं नको, आणि त्यांनी सांगितलेलं लिहून घे.

दहाच्या_आत

दहाचं स्पष्ट करतो, कारण यात अर्धवट ऐकीव फार चालतं.

ध्वनिप्रदूषण नियम २००० चे, केंद्राचे. त्यामुळं कार्यक्रम बेळगावात असो की घाटाकडं चंदगड तालुक्यात, पोलीस ठाणं बदलतं, नियम तोच. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. दिवसाही लेखी परवानगी लागते, ती यजमानाच्या नावानं काढायची आणि झेरॉक्स तुझ्या खिशात असू दे. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याच्या वर १० किंवा एकूण ७५, यातलं जे कमी ते. म्हणजे निवासी गल्लीत हद्दीवर दिवसा ६५. दवाखाना, शाळा, कोर्टाच्या भोवतीचा शंभर मीटर भाग सरकारनं शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, ते विचारून घे.

बंद हॉलला रात्रीच्या मनाईतून सूट आहे, ती आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. खासगी जागेच्या हद्दीवर आवाज भागाच्या मर्यादेपेक्षा फक्त ५ डेसिबल जास्त चालतो, म्हणजे निवासी भागात रात्री ५०. खिडक्या उघड्या, पत्र्याचं छत आणि डबल-१८ चे (दोन-दोन १८ इंची स्पीकरचे) चार बेस असतील तर पन्नास कधीच पाळलं जात नाही. त्यामुळं हॉल असला तरी दहाला संपवायचं असंच धरून चाल. सण-समारंभाला बारापर्यंत सूट राज्य सरकार देऊ शकतं, वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. ती खासगी लग्नाला नसते. "अहो गणपतीला चालतंय की" हा मुद्दा पोलिसांसमोर टिकत नाही.

याचा तुझ्या क्रमाशी संबंध आहे. शेवटची दहा गाणी सव्वानऊला चालू कर. नऊ पन्नासला ज्या गाण्यावर सगळे एकत्र गातात ते लाव, आणि त्यानंतर एक हळू गाणं कमी आवाजात, म्हणजे दहाला फेडर खाली आणताना आरडाओरडा होत नाही. जोशातच एकदम बंद केलंस की "एक लास्ट" सुरू होतं आणि तो एक लास्ट सव्वादहापर्यंत चालतो.

गाण्यांच्या हक्काचंही विचारलं जाईल. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले समारंभ, वरातसुद्धा, यांना सूट दिलेली आहे. तिकीट लावलेली पार्टी, हॉटेलची न्यू इयर नाइट त्यात बसत नाही, तिथं आयोजकानं परवाना घ्यायचा.

फेज_न्यूट्रल

कुणी विजेवर लिहिलं नाही म्हणून.

हळदीच्या गावात हेस्कॉमची (इकडच्या वीज कंपनीची) लाइन संध्याकाळी खाली बसते. २३० च्या जागी १८०-१९० आलं की अ‍ॅम्प दमतात, बेसच्या फटक्याला लाइट मिचकते. मीटरनं मोजून घ्या, स्टॅबिलायझर किंवा जनरेटर आधी ठरवा. ५ केव्हीएचा जनरेटर म्हणजे साधारण ४ किलोवॅट. त्यावर साउंडबरोबर हॅलोजन आणि ज्यूसचं मशीन जोडलं की संपलं. मिक्सर, अ‍ॅम्प, लॅपटॉप सगळं एकाच फेजवर, डिमरवाली लाइट दुसऱ्या फेजवर.

वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि कंट्रोलर यूएसबीवर त्याच्याबरोबर. मिक्सर आणि अ‍ॅम्प मात्र जातात. त्या क्षणी पहिलं काम : मास्टर शून्यावर. वीज परत आली की अ‍ॅम्प उठेपर्यंत थांब, मग गाणं मुखड्यापासून, हळू वर. गाणं चालूच ठेवलंस तर परत येताना मधल्या कुठल्या तरी ओळीवर धाडकन येतं.

लॅपटॉपचं आदल्या रात्री करून ठेवायचं : विंडोज अपडेट थांबव, एअरप्लेन मोड, झोपेची सेटिंग बंद, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (यूएसबी आपोआप झोपवणारी सेटिंग) बंद, अँटीव्हायरसचा स्कॅन बंद. बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जातो तो तुकडा) ५१२ सॅम्पल ठेव. ४४.१ किलोहर्ट्झला ते १२ मिलिसेकंदाच्या आत बसतं, जाणवत नाही. १२८ वर आणून शान मारण्यात अर्थ नाही, ८ जीबीच्या मशीनवर कडकड येईल. कंट्रोलर यूएसबी हबमधून जोडू नकोस, सरळ लॅपटॉपला. वायर टेबलाच्या पायाला टेपनं बांध, कुणाची तरी साडी अडकतेच.

पिशवीत जादा : यूएसबी वायर, आरसीए वायर, जॅकचे दोन कन्व्हर्टर, काळी टेप, छोटी बॅटरी (टॉर्च), मल्टिप्लग, आणि मोबाइलमध्ये चाळीस मिनिटांचा तयार मिक्स. तो मोबाइल मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला आधीपासून जोडलेला असू दे. लॅपटॉप हँग झाला तर नुसता फेडर वर. रीस्टार्टला चार मिनिटं लागतात, चार मिनिटं शांत हॉल फार मोठा असतो.

अनगोळ_फ्लोअर

लाइनआऊटशी एक बाबतीत जमत नाही. आवाज साउंडवाल्याकडं सोपवायचा हे खरं, पण नुसतं सोपवून चालत नाही. जेवणाच्या वेळी मुद्दाम खाली ठेवायला लाव. इतकं खाली, की पंगतीत शेजाऱ्याशी न ओरडता बोलता येईल. सातला ज्या आवाजात सुरू करतोस त्याच्या वरच नऊला जावं लागतं, माणसाचा कान बधिर होत जातो. सातलाच टोक गाठलंस तर नऊला उरलं काय? स्वतःच्या कानाचंही बघ. ८५ डेसिबल आठ तास, पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० ला पंधराच मिनिटं. संगीतवाले इअरप्लग १५-२० डेसिबल कमी करतात आणि गाणं मळकट होत नाही. कापूस उपयोगाचा नाही, तो नुसता हाय खातो.

माणसं बघायची कशी ते कुणीच सांगत नाही. मध्ये नाचणाऱ्या पाच जणांकडं बघू नकोस, ते जनरेटरच्या आवाजावरही नाचतील. कडेला बघ. खुर्चीवर बसलेल्या बायकांचे पाय हलतात का, उभे असलेल्यांच्या हातात मोबाइल आहे की टाळी. कड हलली की पुढचं गाणं त्याच जातीचं दे, एक नव्हे दोन. तिसऱ्याला बदल.

मैदान पातळ झालं तर घाबरून वीस सेकंदांत गाणं बदलायचं नाही. पहिला अंतरा संपून मुखडा येईपर्यंत थांब. कधीकधी माणसं नुसती पाणी प्यायला जातात. मुखड्यालाही कुणी आलं नाही तर बदल, आणि बदलताना वेग वाढवू नकोस, ओळख वाढव. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं ९२ ला असलं तरी अनोळखी १२८ पेक्षा जास्त माणसं उठवतं. तू हाऊसवाला आहेस म्हणून मुद्दाम लिहितोय : रिसेप्शनला तुझं हाऊस "फक्त पोरं" या क्रेटमध्ये, नऊच्या सुमारास पंधरा मिनिटं. तेवढंच.

पोरं-बायका आधी. साडेसात ते सव्वाआठ हा वेळ त्यांचा. त्या एकदा जेवायला गेल्या की परत येतीलच असं नाही, आणि बायका नाचल्या नाहीत तर यजमानाच्या मते डीजे चांगला नव्हता.

फर्माइश : "नाही" म्हणू नकोस, "दोन गाण्यांनी" म्हण आणि कागदावर लिही. तीन वेगवेगळी माणसं तेच मागत असतील तर लगेच वाजव. कुणाचाही पेनड्राइव्ह किंवा मोबाइल जोडायचा नाही, काका असोत की नवरदेव. व्हायरस बाजूला, त्यातलं गाणं कुठल्या लेव्हलचं आहे हे वाजल्यावरच कळतं. घरातलं एकच माणूस ठरव ज्याचा शब्द शेवटचा. बाकी सगळ्यांना हसून त्याच्याकडं पाठवायचं.

माइक. निवेदकाचा माइक तुझ्या कंट्रोलरला नको, मिक्सरच्या स्वतःच्या चॅनलला. माइक घेऊन कुणी टॉपच्या पुढं आलं की शिट्टी बसते, त्यामुळं माइकची जागा स्पीकरच्या मागं. जाळीवर मूठ आवळून बोलणाऱ्याला मूठ खाली घ्यायला सांग, मूठ आवळली की शिट्टी आणखी लवकर येते. बोलणं चालू असताना गाणं बंद करू नकोस, दहाएक डीबी खाली आण.

वडगावचा_नवखा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. साउंडवाल्याला विचारलं : मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, अठरा मीटर. डीआय त्याच्याकडं आहे, "पण कुणी मागत नाही" म्हणाला. हळदीला मिक्सर शेजारीच.

एकच राहिलं. हळदीचा मांडव उघडा आहे, रात्री दव पडतं. आणि हळद उडणार ती कंट्रोलरवर येणारच ना?

फेज_न्यूट्रल

येणारच. टेबल मांडवाच्या मधोमध नको, घराच्या भिंतीला लावून, पाठीमागून कुणी येणार नाही असं. पुढच्या बाजूला टेबलापेक्षा वीतभर उंच प्लाय किंवा बॅनर उभा कर, निम्मी हळद तिथंच अडते. वाजवत नसताना वर कोरडा टॉवेल, ओला नको. हळद पडली तर लगेच पुसायला जाऊ नकोस, घासली की फेडरच्या खाचेत जाते. रंगकामाचा मऊ ब्रश ठेव, झाडून काढ. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीबरोबर ती आत चिकटते. पाण्याचा, सरबताचा ग्लास टेबलावर कुणालाच ठेवू देऊ नकोस.

दवाचं म्हणशील तर वर छत असेल तर वाजताना त्रास नाही, मशीन गरम असतं. त्रास नंतरचा. रात्री गार झालेला कंट्रोलर तसाच बॅगेत भरून सकाळी उबदार खोलीत उघडलास तर आत पाणी धरतं. बॅग बंदच ठेव, खोलीच्या तापमानाला आल्यावर उघड, मग अर्ध्या तासानं वीज जोड. हळदीनंतर दुसऱ्याच दिवशी रिसेप्शन आहे तुझं, तर सकाळी दहाच्या आत सगळे फेडर आणि नॉब एकदा वरखाली करून हेडफोनवर ऐक. खरखर आली तर भाड्यानं दुसरा कंट्रोलर बघायला दिवस हातात राहतो.